तेरची तरंगणारी वीट



या सदरात आपण जगभरची नवले पाहतो. इजिप्तचे पिरॅमिड, चीनची भिंत, जावा बेटावरील बोरोबुदूरचा महास्तूप. वाचून आनंद होतो, पण लातूरच्या गांधी चौकात किंवा नांदेडच्या वजिराबादेत राहणाऱ्या माणसाने तेथे जायचे कसे, हा प्रश्न उरतोच. म्हणून या खेपेस एस.टी.च्या तिकिटात पाहून होईल असे एक नवल घेतले आहे. ते आहे एका विटेचे.

वीट पाण्यात टाकली की बुडते, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. परंतु तेर येथे सापडलेल्या काही जुन्या विटा पाण्यात टाकल्या की लाकडाच्या ढलपीसारख्या तरंगतात!

तेर हे तेरणा नदीच्या काठचे गाव. आज ते धाराशिव जिल्ह्यात आहे. १६ ऑगस्ट १९८२ रोजी लातूर जिल्हा वेगळा झाला, त्यापूर्वी लातूर व तेर एकाच उस्मानाबाद जिल्ह्यात होते, तेव्हा लातूरकरांना ते परके नाही. दोन हजार वर्षांपूर्वी याच गावाचे नाव तगर होते आणि ते थेट रोमन जगापर्यंत पोहोचले होते. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक व्यापाऱ्याने तांबड्या समुद्रापासून भारतापर्यंतच्या बंदरांची माहिती देणारे पुस्तक लिहिले. त्याचे नाव ‘पेरिप्लस’. पैठणपासून पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर हे फार मोठे शहर आहे आणि तेथील कापड गाड्यांत भरून भडोचच्या बंदराकडे जाते, अशी नोंद त्यात आहे. आज ज्या मराठवाड्याला मागास म्हणून हिणवले जाते, त्याच मराठवाड्याचे कापड एके काळी सातासमुद्रापार जात होते.

आता विटेकडे वळू. तेरच्या जुन्या विटांच्या मातीत भाताचे तूस भरपूर मिसळलेले असे. चिखल तुडवताना तूस त्यात एकजीव व्हायचे. वीट साच्यातून काढली, वाळवली, भट्टीत भाजली, की आतले तूस जळून जायचे आणि त्याच्या जागी बारीक बारीक पोकळ्या राहायच्या. पोकळीत हवा. वीट दिसायला अखंड, परंतु आतून पावासारखी जाळीदार. म्हणून ती हलकी आणि म्हणूनच ती तरंगते. यात जादू नाही, मंत्र नाही, कोणाचा वर नाही.

मुलांनी हे गणित करून पाहावे. भट्टीवरची एक साधी वीट ९ इंच लांब, ४ इंच रुंद आणि ३ इंच जाड धरू. तेवढीच जागा पाण्याने भरली तर त्या पाण्याचे वजन सुमारे पावणेदोन किलो होते. वीट पावणेदोन किलोपेक्षा हलकी असेल तर तरंगेल, जड असेल तर बुडेल. आपली नेहमीची वीट तीन किलोच्या आसपास भरते, म्हणून ती तळ गाठते. ग्रीसच्या आर्किमिडीजने हा नियम इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातच सांगून ठेवला आहे. घरी वीट आणि तराजू दोन्ही मिळतात, तेव्हा प्रयोग करायला शाळेची प्रयोगशाळा लागत नाही. आणखी एक गंमत अशी की, जाळीदार वीट फार वेळ पाण्यात ठेवली तर पोकळ्यांत पाणी शिरते आणि ती हळूहळू जड होत जाते.

हे इतके फोडून सांगण्याचे कारण आहे. आपल्या देशात काही ठिकाणी पाण्याच्या टाकीत तरंगता दगड ठेवलेला असतो आणि टाकीशेजारी पैशाची पेटी असते. भोळी माणसे हात जोडतात, नाणे टाकतात. त्या दगडाचेही गुपित हेच, आतली हवा. ज्वालामुखीच्या फेसाळ लाव्ह्यापासून तयार झालेला प्युमिस नावाचा दगड असाच असतो. १८८३ साली इंडोनेशियातील क्राकाटोआ ज्वालामुखीचा स्फोट झाला तेव्हा अशा दगडांचे थरच्या थर महिनोन्महिने हिंदी महासागरावर तरंगत होते. त्यांना कोणी पूजले नाही. ‘एहिपस्सिको’, या आणि स्वतः पाहा, असा ज्यांचा धम्म आहे त्यांनी तर अशा टाकीपुढे पैसे काढण्याआधी तराजू काढावा.

हलक्या विटेचे ज्ञान एकट्या तेरचे नव्हते. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकातील रोमन स्थपती व्हिट्रुव्हियस याने स्पेनमधील दोन गावे आणि आजच्या तुर्कस्तानातील पिटाने या गावच्या विटा पाण्यावर तरंगतात असे लिहून ठेवले आहे. तेथील मातीच प्युमिससारखी हलकी होती. रोमचे पँथिऑन हे मंदिर दुसऱ्या शतकातले. त्याच्या ४३ मीटर रुंदीच्या घुमटात वरच्या भागासाठी मुद्दाम हलका प्युमिस मिसळलेला आहे. नांदेडकरांना जवळचे उदाहरण हवे असेल तर शेजारच्या तेलंगणात पालमपेटचे रामप्पा मंदिर आहे. १२१३ साली काकतीयांच्या काळात ते उभारले गेले आणि २०२१ मध्ये युनेस्कोने त्यास जागतिक वारशाचा मान दिला. त्याच्या शिखराच्या विटाही तरंगणाऱ्या आहेत. हे मंदिर ज्या शिल्पकाराच्या नावाने ओळखले जाते असे सांगतात, तो रामप्पा. बांधणाऱ्या कारागिराचे नाव इमारतीला मिळावे, हे आपल्या देशात त्या विटेहूनही मोठे नवल म्हटले पाहिजे!

तेरला विटेइतकीच पाहण्यासारखी आहे ती विटांची एक इमारत. गावात त्रिविक्रमाचे मंदिर आहे. पुढचा सपाट छताचा मंडप नंतरचा. मागचा भाग मात्र लांबट, शेवटी गोल होत गेलेला, आणि वरचे छत हत्तीच्या पाठीसारखे. अजिंठ्याचे ९ आणि १० क्रमांकाचे लेणे किंवा पितळखोरे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना हा आकार ताबडतोब ओळखू येईल. तो चैत्यगृहाचा आकार आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी हेन्री कझेन्स या पुरातत्त्व खात्याच्या अधिकाऱ्याने तेर पाहिले आणि ही मुळात बौद्ध चैत्यगृहाची वास्तू असल्याचे मत मांडले. पुढे अनेक अभ्यासकांनी ते मान्य केले. डोंगरात कोरलेली चैत्यगृहे महाराष्ट्रात पुष्कळ आहेत. पण जमिनीवर विटांनी बांधलेले आणि छतासह उभे राहिलेले चैत्यगृह अत्यंत दुर्मिळ. आंध्र प्रदेशातील चेझर्ला येथील कपोतेश्वर हे दुसरे ठळक उदाहरण. डोंगर कोरताना छत पडण्याची भीती कमी असते. विटांचा एकेक थर किंचित आत सरकवत दोन्ही भिंती वर मिळवायच्या, तर वजनाचा हिशोब चोख लागतो.

१९६० च्या दशकातील उत्खननात तेरला विटांच्या मोठ्या स्तूपाचा पायाही उघडा पडला. त्याची आतली रचना चाकाच्या आऱ्यांसारखी आहे. आऱ्यांच्या जागी विटांच्या भिंती आणि मधल्या जागेत मातीचा भराव. पाहताच धम्मचक्र आठवते, पण त्यात गवंड्याची काटकसरही आहे. सगळा स्तूप विटांनी भरीव करण्यापेक्षा कमी विटांत तेवढीच मजबुती मिळते.

बौद्ध वास्तुकलेत विटेला मान आहे. विनयपिटकातील चुल्लवग्गात तथागतांनी भिक्खूंना बांधकामासाठी वीट, दगड आणि लाकूड या तिन्हींची परवानगी दिलेली आढळते. पालीत विटेला ‘इट्ठका’ म्हणतात. आपला ‘वीट’ हा शब्दही त्याच घराण्यातला. श्रीलंकेतील अनुराधपूरचा जेतवन स्तूप घ्या. तिसऱ्या शतकात राजा महासेनाने तो बांधण्यास घेतला. मूळ उंची सुमारे १२२ मीटर होती आणि त्यास ९ कोटी ३३ लाख विटा लागल्या असा अभ्यासकांचा अंदाज आहे. बुद्धगयेचे महाबोधी मंदिरही विटांचेच.

हलके बांधकाम ही आपल्याकडे नुसती कुतूहलाची बाब नाही. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट, ३ वाजून ५६ मिनिटे. किल्लारी, सास्तूर आणि आसपासची गावे झोपेत होती. दोन-अडीच फूट जाडीच्या दगडमातीच्या भिंती, त्यावर लाकडी माळवद, माळवदावर मातीचा जाड थर. उन्हाळ्यात घर गार राहावे म्हणून पिढ्यान् पिढ्या ही रीत चालत आलेली. भूकंपाचा नियम असा की, धक्क्याचा जोर इमारतीच्या वजनाच्या प्रमाणात वाढतो. जेवढे जड तेवढा मार मोठा. मातीत नुसते रचलेले दगड सुटले आणि वरचा मातीचा भार माणसांच्या अंगावर आला. हजारो जीव गेले. ५२ गावे नव्या जागी वसवावी लागली. तो धक्का माणसे मारण्याइतका मोठा होताच, पण बहुतेक माणसे मेली ती आपल्याच भिंतीखाली. आजही खेड्यात घर बांधताना ‘भिंत जाड तेवढी बरी’ असे म्हणणारे भेटतात. त्यांना किल्लारी दाखवावी. पाया, कोपरे आणि भिंतीभोवती फिरणारा काँक्रीटचा पट्टा नीट असावा आणि वरचे वजन कमी असावे, हे गवंड्याला सांगताना घरातील आया-बहिणींनीही संकोच करू नये. घरात जास्त वेळ त्याच असतात.

याचा अर्थ तेरची वीट आणून घर बांधा असा नव्हे. तरंगणारी वीट भार सोसण्यात साध्या विटेची बरोबरी करीलच असे नाही. तिची जागा वरच्या बांधकामात. परंतु तेच तत्त्व आता कारखान्यात गेले आहे. शहरांत ‘सिपोरेक्स’ म्हणून जे पांढुरके ठोकळे भिंतीत वापरतात, त्यांच्या मिश्रणात ॲल्युमिनियमची पूड घालून वायूचे बुडबुडे तयार करतात. स्वीडनमध्ये १९२० च्या दशकात ही युक्ती निघाली. तो ठोकळाही पाण्यावर तरंगतो. परळीच्या औष्णिक केंद्राच्या राखेपासून विटा पाडणारे कारखाने तर आपल्या मराठवाड्यातच आहेत.

तेर हे संत गोरोबा कुंभारांचेही गाव. चिखल तुडवणाऱ्या माणसांची ही भूमी. पण चैत्यगृहाच्या विटा कोणी पाडल्या, तूस किती मिसळायचे हे कोणी शोधले, त्यांची नावे कोठेही कोरलेली नाहीत. आज दिवाळीनंतर आपल्याच वस्त्यांतील कित्येक कुटुंबे घराला कुलूप लावून वीटभट्टीवर जातात. नवरा चिखल करतो, बायको साच्यातून विटा काढते आणि मूल शाळेचा पट सोडून विटा पालथ्या घालते. त्या मुलाला तेर दाखवले पाहिजे. हाताला जो चिखल लागला आहे त्यात आर्किमिडीज आहे, हे त्याला शाळेत बसून कळावे, भट्टीवर नव्हे.

त्रिविक्रम मंदिरात आज पूजा-अर्चा चालते. तेथे जाऊन वाद घालण्याने काही साधत नाही. डोळे उघडे ठेवून आकार पाहावा, मुलांना अजिंठ्याचा फोटो शेजारी धरून दाखवावा, पुरावा आपोआप बोलतो. त्याहून मोठा धोका दुसराच आहे. जुन्या गावांच्या पांढरीची माती खणून नेली जाते, तिच्याबरोबर विटा, मणी, खापरे नाहीशी होतात. शेतात किंवा पांढरीत नेहमीपेक्षा मोठी, हलकी वीट सापडली तर ती चुलीला लावू नये. जागा लक्षात ठेवून पुरातत्त्व खात्यास कळवावे.

पौष पौर्णिमेला दाभडच्या बावरीनगरला आणि आता उदगीरच्या बुद्धविहारात आपल्या गाड्या भरून जातात. उदगीरच्या विहाराचे लोकार्पण ४ सप्टेंबर २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते झाले. तशीच एक सहल तेरला काढावी. लातूरहून मुरूड, ढोकी मार्गे जाता येते. ढोकीपासून कसबे तडवळे फार दूर नाही. फेब्रुवारी १९४१ मध्ये महार-मांग वतनदार परिषदेस बाबासाहेब आले होते ते हेच गाव. एका दिवसात दोन्ही होतात. तेरला प्रथम रामलिंगप्पा लामतुरे यांच्या संग्रहातून उभे राहिलेले शासकीय वस्तुसंग्रहालय पाहावे. सातवाहन काळातील मातीच्या मूर्ती आणि मणी पाहण्यात तासभर सहज जातो. मग मंदिराकडे जावे आणि आत शिरण्यापूर्वी मागच्या बाजूने एक फेरी मारावी. भिंतीची गोलाई तेथून चांगली दिसते.