ठकाचें सोंग आणि आपलें हंसूं

ठकबाजांवरील विनोदी चित्रपट मुलांस दाखवूं नयेत, असें कित्येक पालकांचें मत आहे. लबाडी पाहून मुलें लबाडी शिकतील, ही त्यांची भीति अगदींच निराधार नव्हे. तथापि असा चित्रपट आपणांस कोणावर हंसावयास लावतो, हें आधीं पाहावें असें आम्हांस वाटतें.

इटलीचे विख्यात दिग्दर्शक फेदेरिको फेलिनी यांनीं १९५५ सालीं 'इल बिदोने' नांवाचा चित्रपट काढला. त्याचा नायक ऑगुस्तो हा उतारवयास लागलेला एक किरकोळ ठक. तो व त्याचे साथीदार धर्मगुरूंचा पोशाख चढवून खेड्यांत जातात. स्वतःच पुरून ठेवलेलीं हाडें व खोटे दागिने शेतांतून उकरून काढतात. आणि मृतात्म्यासाठीं प्रार्थना करविण्याच्या मिषानें गरीब शेतकऱ्याची पुंजी घेऊन जातात. आरंभीं त्यांच्या सोंगाचें हंसूं येतें. पण दिग्दर्शक तें फार वेळ टिकूं देत नाहीं. मुलीच्या शिक्षणास मदत करूं इच्छिणारा हा बाप तिच्यादेखत पकडला जातो. सुटून आल्यावर पुन्हां तोच झगा, तेंच सोंग! एका शेतकऱ्याची पांगळी मुलगी त्यास खरा धर्मगुरु समजून त्याच्यापुढें आपलें मन मोकळें करते. पैसे परत केले, असें तो साथीदारांस सांगतो. ते त्याच्या जोड्यांतच सांपडतात. साथीदार त्यास मारतात आणि खडकाळ उतारावर एकटा टाकून निघून जातात.

यांत धर्माची थट्टा झाली, असें कोणी म्हणेल. आमच्या मतें येथें थट्टा झाली ती उसन्या झग्याची. त्या पांगळ्या मुलीच्या श्रद्धेस फेलिनी यांनीं यत्किंचितही हंसें होऊं दिलें नाहीं.

ठक अखेर बुडतो, एवढेंच तात्पर्य घेणें आम्हांस अपुरें वाटतें. सर्वच ठक कांहीं बुडत नाहींत. आणि नफ्यातोट्याचा हिशेब म्हणजे नीति नव्हे. खरी परीक्षा आपल्या हंसण्याची आहे. दूरध्वनीवरून गोड बोलून एखाद्या वृद्धास लुबाडल्याचें आज आपण वारंवार ऐकतों. तेव्हां "इतका कसा भोळा!" म्हणून आपण प्रथम त्या वृद्धासच हंसतों ना? विश्वास ठेवणें हा गुन्हा नव्हे. विश्वास मोडणें हा गुन्हा होय. म्हणून वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनीं असे चित्रपट पालकांसमवेत अवश्य पाहावेत, आणि आपण कोणास हंसलों, हें घरीं परततांना एकमेकांस विचारावें.