मंडळीविना श्रद्धा अपुरी

मार्च 2020 मध्ये टाळेबंदी जारी झाली आणि महाराष्ट्रातील इतर प्रार्थनास्थळांप्रमाणे चर्चचेही दरवाजे मिटले. ते उघडले 16 नोव्हेंबरला. पुढील वर्षी ते पुन्हा बंद झाले आणि 7 ऑक्टोबर 2021 रोजी उघडले. या अवधीत मोबाइलच्या पडद्यावर उपासना ऐकण्याची सवय अनेक ख्रिस्ती घरांना लागली. त्या वेळी ती निकड होती आणि तिने पुष्कळांना धीरही दिला. निर्बंध गेले, परंतु त्या सवयीने उपस्थित केलेला प्रश्न मागे राहिला. उत्तम प्रवचन घरबसल्या ऐकता येते, पवित्र शास्त्र घरी वाचता येते, प्रार्थना तर एकांतातही करता येते. मग आपल्या गावच्या वा पेठेतल्या लहानशा मंडळीत नाव घालून दर रविवारी तेथे जाऊन बसण्याचे प्रयोजन काय?

हा प्रश्न विचारणारे सारेच आळशी नसतात. कित्येकजण दुखावून बाहेर पडलेले असतात. चर्चच्या मालमत्तेवरून चालणारे कोर्टकज्जे, पदाधिकाऱ्यांच्या निवडीतील गटबाजी, धर्मांतरानंतरही न सुटलेले जुन्या जातींचे भान, या गोष्टी मराठी ख्रिस्ती समाजाला अपरिचित नाहीत. ज्या ठिकाणी शांती शोधावयास जावे तेथूनच माणूस अशांत होऊन परतत असेल, तर त्याने घरीच प्रार्थना केलेली काय वाईट, असे कोणी म्हटले तर त्याला केवळ कर्तव्याचा उपदेश करून भागणार नाही.

ही अस्वस्थता नवीही नाही. 1895 साली मुंबईत बाप्तिस्मा घेतलेल्या कवी नारायण वामन टिळकांना चर्चचा परदेशी पेहराव फार खुपत असे. अखेरीस 1917 साली मिशनची चाकरी सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ स्थापन केला आणि बाप्तिस्मा घेतलेल्यांबरोबर न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही त्यात सामावून घेतले. चर्चवर रुष्ट असलेले लोक टिळकांचा दाखला मोठ्या आवडीने देतात. तथापि त्या दाखल्यातील एक गोष्ट त्यांच्या नजरेतून निसटते. टिळकांनी संस्थेवर टीका केली, पण एकांत निवडला नाही. एका संगतीतील उणीव दिसताच त्यांनी दुसरी संगत उभारली. ख्रिस्ती माणूस एकटा राहू शकतो, असे त्यांनाही वाटले नाही.

पुढे काय झाले तेही पाहण्याजोगे आहे. 1919 साली टिळक निवर्तले आणि त्यांच्या पश्चात दरबार संस्था म्हणून मूळ धरू शकला नाही. त्यांची भजने मात्र जगली. ती ज्या मंडळ्यांच्या उणिवांनी ते व्यथित होत, त्याच मंडळ्यांनी जगविली. शेवगाव-नेवाशाकडच्या खेड्यांतून आणि मुंबई-पुण्याच्या चर्चमधून पिढ्यान्‌पिढ्या ती गायली गेली. अक्षर न ओळखणाऱ्या आजीने ती शेजारणीचे ऐकून पाठ केली आणि नातवंडांच्या ओठी दिली. कवीची भक्ती एकट्याची असू शकेल, परंतु ती टिकविण्याचे काम मंडळीनेच केले.

नव्या करारातील पौलाची बहुतेक पत्रे गावोगावच्या मंडळ्यांना लिहिलेली आहेत, हाही योगायोग नव्हे. त्यांतील करिंथची मंडळी आदर्श तर मुळीच नव्हती. तेथे तट पडले होते, भाऊ भावाला न्यायालयात खेचीत होता आणि प्रभुभोजनाच्या वेळी सधन माणसे पोटभर जेवीत असताना गरीब उपाशी राहत होते. पौलाने त्यांची कडक शब्दांत कानउघाडणी केली, पण मंडळी मोडून घरोघर बसा, असे सांगितले नाही. उलट त्याच पत्रात त्याने शरीर आणि अवयव यांचा दृष्टांत दिला. हाताला पाय नकोसा झाला म्हणून पाय निरुपयोगी ठरत नाही, आणि तुटलेला हातही फार काळ हात राहत नाही.

मराठी मनाला हे समजणे अवघड जाऊ नये. पंढरीची वाट वारकरी दिंडीत चालतो, आणि दिंडीतले सोबती काही तो निवडून घेत नाही. मंडळीचे मर्मही यातच आहे. पडद्यावरचा प्रवचनकार आपण निवडतो आणि नकोसा वाटला की बदलतो. शेजारच्या बाकावरचा माणूस मात्र आपल्या निवडीचा नसतो. ज्याच्याशी बांधावरून भांडण आहे त्याच्या शेजारी बसून क्षमेची प्रार्थना म्हणावी लागते, तेव्हा तिचा अर्थ कळू लागतो. शेजाऱ्यावर प्रीती करण्याची आज्ञा शेजारी टाळून पाळता येत नाही. घरात मृत्यू ओढवला तर पडदा खांदा द्यावयास येत नाही. गैरहजेरी ध्यानात घेऊन चौकशीला येणारे माणूसही मंडळीतच भेटते.

मंडळीने काहीही करावे आणि सभासदाने मुकाट्याने सोसावे, असा याचा अर्थ नाही. जेथे अन्याय दडपला जातो, दुर्बळाचा छळ होतो, तेथून उठून दुसऱ्या मंडळीत जाणे न्याय्यच होय. परंतु एक मंडळी सोडणे निराळे आणि मंडळीपणच सोडणे निराळे. वार्षिक सभेत उभे राहून हिशेब मागण्याचा, जातीची अढी धरणाऱ्याला जाब विचारण्याचा अधिकार ज्याचे नाव यादीत आहे त्यालाच असतो. सुजाण माणसे घरी बसली की मंडळी भांडखोरांच्या हाती जाते, आणि मग तीच माणसे मंडळी बिघडली म्हणून खेद करतात.

मराठीत घरच्या माणसांनाही मंडळी म्हणतात आणि चर्चच्या सभासदांनाही. घरात कुरबुर झाली म्हणून कोणी अनाथ म्हणवून घेत नाही. ख्रिस्ती माणसाने आपल्या गावच्या मंडळीशी असलेले नातेही त्याच मापाने मोजले पाहिजे.