कोपऱ्यातले डोंगळे

गेल्या शनिवारी पुन्हा चांदवडला जाऊन आलो. सोमवारी ऑफिसात नेहमीचा प्रश्न, "काय मग, फार्महाऊसवर मजा?" आता चार एकर कांदा, मार्चमध्ये तळ दाखवणारी विहीर आणि पत्र्याची कांदाचाळ.. याला फार्महाऊस म्हणायचं असेल तर म्हणा बापडे!

पण खरं सांगायचं तर दोष माझाही आहे. गेली दोन वर्षं मी अण्णांच्या मागे लागलोय, विहिरीजवळच्या कोपऱ्यात एक खोली बांधू. पुढे ओटा, त्यावर झोपाळा. मित्र येतील, इंद्राई-राजदेहेरचे ट्रेक करू वगैरे. अडचण एकच, त्या कोपऱ्यात अण्णांचे डोंगळे असतात.

डोंगळे म्हणजे बियाण्यासाठी लावलेले कांदे. एप्रिल-मेमध्ये चाळीत भरलेल्या उन्हाळ कांद्यातले जे दिवाळीपर्यंत सडत नाहीत, ज्यांना कोंब फुटत नाही, ते अण्णा एकेक हातात घेऊन बघतात. जोड कांदा नको, जाड मानेचा नको. उरतील ते नोव्हेंबरात लावायचे. आता फेब्रुवारीत त्यांना पांढरे गोंडे आलेत आणि सकाळी तिथे मधमाश्यांचा नुसता गलका असतो. माश्या फिरल्या नाहीत तर बी नीट धरत नाही, म्हणून फुलोऱ्यात अण्णा तिकडे फवारणीचा पंप फिरकू देत नाहीत. पुढे गोंडे वाळले की काळं उळं झाडून घ्यायचं. थोडं घरी, बाकी मामाला, मावशीला, पलीकडच्या बांधावरच्या काकांना. पैसे नाहीत.

मी एकदा हिशेब मांडला (एक्सेलमध्ये, अर्थातच). उळं विकत मिळतं, एवढी मेहनत कशाला? अण्णा म्हणाले, "तू तो कॅमेरा घेतलास, फोटो विकतो का?"

बोलती बंद.

आपल्याला वाटतं छंद आपल्याला असतात आणि गावाकडच्यांना नुसती कामं. मला तरी हे साफ चूक वाटतं. उलट ज्या पिकाचा भाव आपल्या हातात नाही, ते आयुष्यभर काढणाऱ्या माणसाला असा एक कोपरा जास्तच लागत असणार. ८ डिसेंबर २०२३ला निर्यातबंदी आली. ४ मे २०२४ला उठली, तर वर ४० टक्के शुल्क. ते पूर्ण जायला १ एप्रिल २०२५ उजाडला. त्या सगळ्या काळात घरात चिडचिड होती, पण डोंगळे दोन्ही वर्षी वेळेवर लागले.

आता अण्णांचे गुडघे दुखतात. चाळीत उकिडवं बसून निवडणं होत नाही. आणि कांद्याचं बी फार टिकत नाही, वर्ष-दोन वर्षांत उगवण घसरते. म्हणजे दोनतीन हंगाम चुकले की घरचं वाण संपलं. आमच्या धंद्यात बॅकअप असतो, इथे तो दरवर्षी नव्याने पेरावा लागतो.

असो. खोली आता रस्त्याच्या बाजूला बांधायचं ठरतंय. तिथे रात्रभर ट्रकचे हॉर्न ऐकू येतील, झोपाळ्यालाही जागा नाही. आणि दिवाळीनंतरचा पहिला शनिवार मी चाळीत असेन. त्या दिवशी ट्रेकला मला धरू नका.