पाच विजय, सात पराभव



कॉलेज फुटबॉलचा विषय निघाला की आपल्यातले बरेच जण हसून बाजूला होतात. मुलं स्टेट स्कूलला गेली की त्या रंगाचे स्वेटशर्ट घरात येतात, टेलगेटला आपले सामोसेही जातात, पण खेळ दहा-पंधरा वर्षांनंतरही डोक्यावरूनच जातो. माझंही फारसं वेगळं नाही. तरी आज एका संघाच्या एका सीझनबद्दल लिहायचं आहे, आणि तो हरलेला सीझन आहे. मिसुरी विद्यापीठाचा, २०१५ सालचा.

२०१३ मध्ये या संघाने १२ सामने जिंकले होते, २०१४ मध्ये ११. याच संघातला मायकेल सॅम याने २०१३ च्या ऑगस्टमध्ये आपण समलिंगी असल्याचं सहकाऱ्यांना सांगितलं, आणि त्याने स्वतः जाहीर करेपर्यंत, म्हणजे २०१४ च्या फेब्रुवारीपर्यंत, त्या पोरांनी ती गोष्ट आपल्यातच ठेवली. एकोणीस-वीस वर्षांच्या मुलांचा एवढा मोठा घोळका! आपल्याकडे चार कुटुंबांत एखादी बातमी चार दिवस टिकत नाही.

२०१५ मध्ये मात्र घसरगुंडी झाली. पहिल्या पाच सामन्यांत चार विजय, नंतर ओळीने चार पराभव. त्यातल्या फ्लोरिडा, जॉर्जिया आणि व्हँडरबिल्टविरुद्धच्या तीन सामन्यांत मिळून १२ गुण, सगळे फील्ड गोलचे. टचडाउन एकही नाही.

त्याच वेळी कोलंबिया गावातल्या कॅम्पसवर वेगळंच काही शिजत होतं. तिथून दोनेक तासांवरच्या फर्ग्युसनमध्ये आदल्या वर्षी मायकेल ब्राउन पोलिसाच्या गोळीने मेला होता. कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना कॅम्पसवर शिव्या ऐकाव्या लागत होत्या, आणि ऑक्टोबरात एका वसतिगृहाच्या भिंतीवर विष्ठेने स्वस्तिक काढलेलं सापडलं. विद्यार्थ्यांच्या आंदोलक गटाने आपल्या नावात १९५० हे साल घेतलं होतं, कारण त्या साली विद्यापीठाने पहिल्यांदा कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना प्रवेश दिला. त्याआधी लॉइड गेन्स नावाचा तरुण लॉ स्कूलच्या प्रवेशासाठी १९३८ मध्ये थेट सुप्रीम कोर्टात जिंकला होता. पुढच्याच वर्षी तो शिकागोत बेपत्ता झाला आणि पुन्हा कधी कुणाला दिसला नाही.

आणखी एक गोष्ट आपल्यातल्या टीए-आरए करून शिकलेल्यांना लगेच कळेल. त्या ऑगस्टमध्ये विद्यापीठाने ग्रॅज्युएट विद्यार्थ्यांच्या आरोग्यविम्याचं अनुदान बंद करत असल्याचं अगदी ऐनवेळी कळवलं. ओरड झाल्यावर निर्णय फिरवला, पण मनात अढी राहिलीच. स्टायपेंडवर घर चालवणाऱ्याच्या पोटात अशा ईमेलने कसा गोळा येतो, ते मला ठाऊक आहे. जोनाथन बटलर हा असाच एक ग्रॅज्युएट विद्यार्थी. २ नोव्हेंबरला तो उपोषणाला बसला. मागणी एकच, विद्यापीठाचे अध्यक्ष टिम वुल्फ यांनी जावं. वुल्फ मूळचे सॉफ्टवेअर उद्योगातले. मोर्चे झाले होते, निवेदनं दिली होती, होमकमिंगच्या मिरवणुकीत त्यांची गाडीही अडवून झाली होती. काही हललं नव्हतं.

७ नोव्हेंबरच्या रात्री तीसेक कृष्णवर्णीय खेळाडूंनी बटलरसोबत हातात हात गुंफलेला फोटो प्रसिद्ध केला आणि अध्यक्ष जाईपर्यंत आपण खेळणार नाही असं जाहीर केलं. दुसऱ्या दिवशी प्रशिक्षक गॅरी पिंकल गोऱ्या-काळ्या सगळ्या खेळाडूंसह त्यांच्या पाठीशी उभे राहिले. पुढच्या शनिवारी ब्रिगम यंगशी सामना होता, आणि तो रद्द झाला तर करारानुसार दहा लाख डॉलर भरावे लागणार होते. ९ तारखेच्या सकाळी वुल्फ यांनी राजीनामा दिला. म्हणजे छत्तीस-सदतीस तासांत!

या मुलांच्या हाती तेव्हा काय होतं? शिष्यवृत्ती आणि किरकोळ भत्ता. विद्यापीठात कृष्णवर्णीय विद्यार्थी शंभरात दहाही नव्हते, संघात मात्र जवळपास निम्मे. त्याच ऑगस्टमध्ये नॉर्थवेस्टर्नच्या खेळाडूंचा युनियनचा अर्ज श्रम मंडळाने आपण यात पडणार नाही म्हणून बाजूला सारला होता. कायद्याने कामगार नाहीत, आणि त्यांच्यावाचून शनिवार तर होत नाही, अशी अवस्था. "शिक्षण फुकट मिळतंय ना, मग गप खेळा", हे तेव्हा फार ऐकू आलं. आपल्याही दिवाणखान्यांत येतं. फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्यांना अर्पण केली, हे आपण भाषणांत अभिमानाने सांगतो. त्यानंतर जेवणाच्या रांगेत कृष्णवर्णीयांबद्दल काय बोललं जातं, ते लिहिण्यासारखं नसतं.

आंदोलनाचं सगळंच गोड मानून घ्यायचं कारण नाही. राजीनाम्याच्याच दिवशी एका प्राध्यापिकेने वार्तांकन करणाऱ्या विद्यार्थ्याला हुसकावायला दांडग्या माणसांची मदत मागितली. ते सरळसरळ चूक होतं. फेब्रुवारीत तिची नोकरी गेली. पुढच्या दोन वर्षांत पहिल्या वर्षाचे प्रवेश ३५ टक्क्यांहून अधिक घटले. एकापाठोपाठ एक घडलं म्हणजे कारण सापडलं, असं मी प्रयोगशाळेत कुणाला म्हणू देणार नाही. पण संबंध नव्हताच असंही म्हणणार नाही. किंमत पडली. मात्र ती मोजताना १९५० पासूनच्या किमतीचा रकानाही हिशोबात हवा, आणि तो कुणी मांडत नाही.

डिसेंबरात राज्याच्या एका रिपब्लिकन आमदाराने खेळायला नकार देणाऱ्यांची शिष्यवृत्ती काढून घेण्याचं विधेयक आणलं, आणि थोड्याच दिवसांत मागे घेतलं.

राहिला सीझन. १३ नोव्हेंबरला पिंकल यांनी लिम्फोमामुळे निवृत्त होत असल्याचं सांगितलं. दुसऱ्या दिवशी कॅन्सस सिटीत मिसुरीने ब्रिगम यंगला २०-१६ हरवलं. त्यानंतर टेनेसीकडून हार, मग आर्कान्सॉकडून ३-२८. पाच विजय, सात पराभव.

आता चित्र पालटलं आहे. २०२१ पासून खेळाडू आपल्या नावावर पैसे कमावू शकतात, आणि २०२५ च्या कोर्टातल्या तडजोडीनंतर विद्यापीठंही त्यांना थेट पैसे देऊ शकतात, पहिल्या वर्षी एका विद्यापीठाला सुमारे दोन कोटी पाच लाख डॉलरपर्यंत. कर्मचारी हा शब्द मात्र त्या तडजोडीत नाही. आणि एफ-१ व्हिसावरच्या खेळाडूला यातला डॉलर घेण्याआधी वकील गाठावा लागतो, हे आपल्याला वेगळं समजावून सांगायला नको.