अर्धी गाडी फॉरवर्ड करू नका

मंडळी, रस्ते, पाणी आणि राजकारण यांवर आपण रोजच बोलतो. आज आपल्याच घरातली पोरं मोबाईलवर आणि कॉम्प्युटरवर जे घडवतायत, त्याबद्दल चार शब्द. वरवर पोरखेळ वाटेल, पण शेवटपर्यंत वाचा.

'बस सिम्युलेटर इंडोनेशिया' हा मालेओ या इंडोनेशियन कंपनीचा गेम. नावाप्रमाणे त्यातल्या बस तिकडच्या, रस्ते तिकडचे. पण आपण स्वतः बनवलेली गाडी त्यात आणून चालवायची सोय आहे. बाहेरून बनवून अशी गेममध्ये घातलेली गोष्ट म्हणजे मॉड. या सोयीमुळे आपल्या पोरांनी थेट एसटी त्या गेममध्ये उतरवली. १ जून १९४८ ला पुणे-नगर मार्गावर धावायला लागलेली ही गाडी आज इंडोनेशियाच्या घाटातून धावते, आणि तीही तालुक्याच्या गावात बसलेल्या एखाद्या पोराच्या हौसेवर. पगार नाही, सर्टिफिकेट नाही. वर घरच्यांची बोलणी खायची ती वेगळीच.

आता मुद्दा. गाडी एका दिवसात होत नाही. आधी ब्लेंडरमध्ये सांगाडा उभा करायचा, मग रंग, काचा, आसनं, पाटी, हॉर्न. पहिल्यांदा गेममध्ये घातली की चाकं रस्त्यात रुततात, रात्री हेडलाइट पेटत नाहीत, दरवाजा उघडला की हवेत तरंगतो. बनवणाऱ्याच्या मोबाईलवर झकास चालणारी गाडी कमी रॅमच्या मोबाईलवर गेमच बंद पाडते. हे सगळं एकट्याला सापडत नाही. म्हणून तो चार-पाच ओळखीच्यांना फाइल देतो आणि सांगतो, "चालवून बघा, काय चुकतंय ते सांगा, पण पुढे पाठवू नका."

आणि इथेच माशी शिंकते. पाचातला एक जण आपल्या खास मित्राला पाठवतो. तो मित्र टेलिग्रामवर टाकतो. तिथून कुणीतरी उचलून, मूळ नाव पुसून, जाहिरातींच्या पाच पानांमागे लिंक लपवून 'न्यू एसटी मॉड' म्हणून व्हिडिओखाली चिकटवतो. चाकं रुतलेलीच असतात. शिव्या मात्र बनवणाऱ्याला. काही महाभाग तर मॉडच्या नावाखाली कुठली तरी अख्खी एपीके गळ्यात मारतात. ती मोबाईलमध्ये घातल्यावर काय होईल ते देव जाणे.

यावर एक ठरलेला युक्तिवाद असतो. "गेम त्याचा नाही, एसटी त्याच्या बापाची नाही, मग फाइल लपवायचा हक्क कसला?" गेम कंपनीचा आहे, तिचे नियम पाळायलाच हवेत. एसटीचं बोधचिन्ह महामंडळाचं आहे, हेही खरं. पण सांगाडा आणि रंगकाम ज्याने रात्री जागून केलं, ती मेहनत तर त्याची आहे ना? आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात स्वतः केलेल्या कलाकृतीवर हक्क मिळायला नोंदणीची अट नाही. त्याच कायद्याचं कलम ५७ कर्त्याला आपलं नाव लावून घेण्याचा हक्क देतं. आता कुणी पोरगा फाइलसाठी कोर्टात जाणार नाही, मला ठाऊक आहे. पण कुणी कोर्टात जात नाही म्हणून वस्तू बेवारस ठरत नाही.

दुसरा युक्तिवाद जास्त वजनदार आहे. "सगळ्यांना दिलं तर चुका लवकर सापडतील." हे खोटं नाही. 'काउंटर-स्ट्राइक' हा जगप्रसिद्ध गेम मुळात 'हाफ-लाइफ'चा मॉड होता. जून १९९९ मध्ये त्याची पहिली कच्ची आवृत्ती लोकांसमोर आली, खेळणाऱ्यांच्या सूचनांवर तो सुधारत गेला आणि नोव्हेंबर २००० मध्ये व्हॉल्व्ह कंपनीने तो रीतसर बाजारात आणला. पण फरक बघा. तिथे दार बनवणाऱ्यांनी स्वतः उघडलं होतं. कच्चं आहे असं सांगून दिलं होतं. घरमालकाने "या, बघा" म्हणणं वेगळं आणि चावी सांभाळायला दिलेल्याने गावाला आत घेणं वेगळं.

विश्वासाने दिलेली प्रत फुटली की काय होतं, हे सिनेमावाल्यांना विचारा. २०१६ मध्ये 'उडता पंजाब' प्रदर्शनाच्या दोन दिवस आधी इंटरनेटवर आला आणि त्या प्रतीवर सेन्सॉरसाठी असल्याची खूण होती. त्यांच्याकडे वकील होते, पोलीस होते. मॉड बनवणाऱ्या पोराकडे काय आहे? फक्त तुमचा शब्द.

खरा तोटा कुणाचा होतो, तेही समजून घ्या. एकदा फाइल फुटली की तो पुढच्या वेळी पाचाऐवजी दोघांना देतो. मग फाइलला पासवर्ड लावतो. मग पैसे देणाऱ्यालाच द्यायचं ठरवतो. आणि एक दिवस कंटाळून कामच सोडतो. म्हणजे ज्याला फुकट मॉड हवा होता, ज्याच्याकडे साधा मोबाईल आहे, त्याच्यासाठीच दार बंद होतं. फोडणाऱ्याला वाटतं आपण गरिबाचं भलं केलं. प्रत्यक्षात पहिला फटका त्यालाच बसतो.

पण टाळी एका हाताने वाजत नाही. मॉड बनवणाऱ्यांनो, तुम्हालाही चार गोष्टी सांगायच्यात.

एक, टेस्टर निवडताना सबस्क्रायबर मोजू नका, मोबाईल मोजा. एक महागडा, एक मधला आणि एक जुना रखडणारा, असे वेगवेगळे घ्या. वाहवा करणारे दहा जण जमवण्यापेक्षा "तुझा डावा आरसा चुकलाय" म्हणणारा एक शोधा.

दोन, 'प्रायव्हेट' या शब्दाची दुकानदारी करू नका. तपासणीसाठी ठेवलेला मॉड वेगळा आणि मुद्दाम दुर्मिळ ठेवून मिरवायचा मॉड वेगळा. सगळ्यांसाठी कधी खुला करणार, ते अंदाजे का होईना सांगा. आणि दुसऱ्याचा सांगाडा न विचारता उचलला असेल, तर स्वतःची फाइल फुटली म्हणून गळा काढू नका.

तीन, प्रत्येक टेस्टरच्या गाडीला वेगळी नंबरप्लेट द्या. एमएच-१४ दिसली की दापोडी, एमएच-२० म्हणजे चिकलठाणा, एमएच-४० म्हणजे नागपूर वर्कशॉप, हे एसटीवेड्यांना झोपेतही कळतं. पुढचे आकडे प्रत्येकाला निराळे टाका. गाडी फुटली तर कुणाच्या आगारातून सुटली ते प्लेटच सांगेल. आणि ही गोष्ट टेस्टरला आधीच सांगून टाका, म्हणजे पाळत ठेवल्यासारखं वाटणार नाही.

चार, मॉड खुला कराल तेव्हा टेस्टरची नावं लिहा. त्यांनीही रात्री जागवल्या आहेत.

आणि ज्यांच्याकडे आज अशी एखादी फाइल असेल, त्यांना एवढंच सांगणं आहे. ती तुम्हाला तुम्ही भारी आहात म्हणून मिळालेली नाही, काम करायला मिळाली आहे. चालवा, चुका लिहून कळवा आणि गप्प बसा. कुणी फारच मागे लागलं तर सांगा, "गाडी अजून वर्कशॉपमध्ये आहे." एसटीची वाट बघायची सवय आपल्याला लहानपणापासून आहे. ही पण येईल.