मेडे, मेडे, मेडे!

सिनेमात विमान पडायला लागलं की पायलट "मेडे, मेडे" ओरडतो. लहानपणी मला वाटायचं, याचा एक मेच्या कामगार दिनाशी काहीतरी संबंध असणार. पण नाही! १९२०च्या दशकात लंडनच्या क्रॉयडन विमानतळावरचे रेडिओ अधिकारी फ्रेडरिक मॉकफर्ड यांनी हा शब्द सुचवला. तिथली बरीच विमानं पॅरिसला जायची, म्हणून 'मला मदत करा' या अर्थाच्या फ्रेंच शब्दांवरून 'मेडे'. जहाजांवरही हाच शब्द चालतो. जिवावर बेतलं की तीनदा म्हणायचा. अडचण आहे पण लगेच जिवाला धोका नाही, तर 'पॅन-पॅन'.

एवढी काटेकोर भाषा कशाला? २५ जानेवारी १९९० ची गोष्ट सांगतो. कोलंबियाहून न्यूयॉर्कला निघालेलं आविआंका ५२ खराब हवेमुळे सव्वा तासाहून जास्त वेळ हवेत घिरट्या घालत होतं. इंधन संपत आलं. पायलटांनी 'प्रायॉरिटी' मागितली, इंधन संपतंय असंही सांगितलं. पण 'इमर्जन्सी' किंवा 'मेडे' हा शब्द काही उच्चारला नाही. उतरायचा पहिला प्रयत्न फसला, आणि पुन्हा वळून येताना इंजिनं बंद पडली. १५८ पैकी ७३ माणसं गेली.

हे वाचलं आणि मला आमचे स्टेटस कॉल आठवले. आमच्याकडे प्रत्येक तिकीट 'प्रायॉरिटी'च असतं, त्यामुळे त्या शब्दाला काही किंमतच उरलेली नाही. मागच्या एका रिलीजला मी स्वतः तीन आठवडे "थोडं टाईट आहे, पण होईल" म्हणत होतो. होणार नाही हे मला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. का नाही बोललो? लाज, दुसरं काय! शेवटी सगळ्या टीमने दोन वीकएंड ऑफिसात काढले. आमच्यात कुणी मेलं नाही, एवढंच.

पण दोष फक्त न बोलणाऱ्याचा नाही. मेडे ऐकल्यावर कंट्रोलर आधी वाट मोकळी करून देतो, चौकशी नंतर होते. आमच्याकडे मात्र आधी "हे आत्ता सांगतोयस?" म्हणून झाडतात आणि मग मदतीचं बघतात. अशा ठिकाणी कोण कशाला तोंड उघडेल?

तेव्हा मंडळी, उद्या सोमवार. टाकीत इंधन नसेल तर स्पष्ट सांगा. आणि समोरचा सांगत असेल, तर आधी धावपट्टी रिकामी करा.