आकडेवारीचे छायाचित्र म्हणजे आकडेवारी नव्हे

देशातील कोणत्या जिल्ह्यात पटकीचा उद्रेक झाला, कुठे गोवर पसरला, कुठे अन्नातून विषबाधा झाली, याची साप्ताहिक नोंद केंद्र शासनाचा एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रम प्रसिद्ध करतो. २००४ साली सुरू झालेल्या या कार्यक्रमाचे अहवाल संकेतस्थळावरून कोणालाही उतरवून घेता येतात. हे स्तुत्यच आहे. मात्र हे अहवाल वर्षानुवर्षे पीडीएफ स्वरूपातच प्रसिद्ध होत आले आहेत. पाऊस आणि पटकी यांचा संबंध दहा वर्षांच्या नोंदींवरून तपासू पाहणाऱ्या विद्यार्थ्यापुढे पाचशेहून अधिक फायली उभ्या राहतात. संशोधनाला हात घालण्यापूर्वीच त्याला त्या तक्त्यांतील आकडे एकेक करून स्प्रेडशीटच्या रकान्यांत बसवावे लागतात.

यातील विसंगती अशी की तो तक्ता मुळात संगणकावरच तयार झालेला असतो. ज्या कार्यालयात तो रकान्यांसह, ओळींसह व्यवस्थित नांदत होता, तेथूनच तो गोठवून बाहेर पाठवला जातो. भाकरी भाजून द्यायची आणि घेणाऱ्याला तिच्यातून पुन्हा पीठ काढायला सांगायचे, असा हा व्यवहार आहे. काही कार्यालये तर याच्याही पुढे जातात. संगणकावरील तक्ता कागदावर छापतात, त्यावर सही-शिक्का घेतात आणि त्या कागदाचे छायाचित्र संकेतस्थळावर चढवतात.

करोनाच्या साथीत या पद्धतीची किंमत सर्वांना दिसली. राज्याराज्यांची दैनिक पत्रके कधी पीडीएफ म्हणून, कधी समाजमाध्यमांवरील चित्र म्हणून येत. ‘कोविड१९ इंडिया’ या उपक्रमातील स्वयंसेवकांनी मार्च २०२० पासून ती पत्रके वाचून त्यांतील आकडे एका खुल्या कोष्टकात भरले. संशोधक आणि वृत्तपत्रे त्या कोष्टकावर विसंबून राहिली. ऑक्टोबर २०२१ अखेर हे काम थांबले. स्वयंसेवकांचे कौतुक झाले आणि ते योग्यच होते. पण शासनाने मोजलेले आकडे नागरिकांनी रात्री जागून पुन्हा टंकलिखित करावेत, ही अभिमानाची बाब कशी ठरते? या जुगाडाचे गोडवे गाताना मूळ प्रश्न मात्र मागे पडला.

यावर एक उत्तर हमखास दिले जाते : आता चित्रातून तक्ता ओळखणारी साधने भ्रमणध्वनीतही आली आहेत, मग तक्रार कशाची? साधने आहेत, हे खरे. पण टॅब्युलासारखे साधन मजकूर असलेल्या पीडीएफवरच चालते, छायाचित्रावर नाही. टेसरॅक्टसारखे साधन छायाचित्रातील अक्षरे ओळखते, पण पुसट छपाईत इंग्रजी तीनचा आठ होतो, देवनागरी एकचा नऊ होतो. जोडलेल्या चौकटीतील राज्याचे नाव पहिल्या ओळीपुरतेच उरते आणि खालचे जिल्हे अनाथ होतात. भारतीय पद्धतीने लिहिलेला १,२३,४५६ हा आकडा स्वल्पविरामांनी विभागलेल्या सीएसव्ही फाइलीत, अवतरणचिन्हांत न ठेवल्यास, तीन रकान्यांत विखुरतो. ‘माहिती आली नाही’ या अर्थाच्या आडव्या रेघेचे शून्य होते. हिंदी पट्ट्यातील जुन्या ‘कृतिदेव’ टंकातील मजकूर तर बाहेर काढताच इंग्रजी अक्षरांची निरर्थक रांग होऊन बसतो. कृत्रिम बुद्धिमत्तेची नवी साधने अधिक चतुर आहेत, पण धोकाही तिथेच आहे. न वाचता आलेल्या जागी ती कधी कधी शोभेल असा आकडा स्वतःच भरून देतात.

अक्षराची चूक डोळ्यांना खटकते. अंकाची चूक खटकत नाही. ‘पुणे’चे ‘पुगे’ झाले तर कोणीही थांबेल, पण १३ चे १८ झाले तर ते १८ तितकेच खरे वाटतात.

विज्ञानाने अशा मूक चुकांचे फटके खाल्ले आहेत. एक्सेलने ‘सेप्ट२’ या जनुकाच्या नावाचा अर्थ ‘२ सप्टेंबर’ असा लावला. २०१६ साली ‘जीनोम बायॉलॉजी’त प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, जनुकांच्या एक्सेल याद्या जोडलेल्या शोधनिबंधांपैकी सुमारे एक पंचमांश निबंधांत अशा चुका सापडल्या. अखेर जनुकांचीच नावे बदलावी लागली. इंग्लंडमध्ये २०२० च्या शरद ऋतूत जुन्या एक्सेल फाइलीची ६५,५३६ ओळींची मर्यादा ओलांडली गेली आणि १५,८४१ करोनाबाधितांची नोंद वेळेवर झालीच नाही. या दोन्ही ठिकाणी मूळ माहिती संगणकीय स्वरूपातच होती, तरीही एका रूपातून दुसऱ्या रूपात जाताना ती बिघडली. छायाचित्रातून कोष्टक घडवताना धोका किती वाढत असेल!

दुसरा आक्षेप सुरक्षिततेचा : स्प्रेडशीट दिली तर कोणीही आकडे बदलेल. पण छायाचित्रही बदलता येते. फेरफार ओळखण्यासाठी फाइलीवर डिजिटल स्वाक्षरी करता येते, आणि सही-शिक्क्याचे पीडीएफ सोबत ठेवण्यास कोणाचीच हरकत नाही.

कायदा आणि धोरण तर केव्हाच स्पष्ट झाले आहे. २०१२ च्या राष्ट्रीय माहिती सामायिकीकरण व उपलब्धता धोरणात शासकीय माहिती माणसाला आणि यंत्रालाही वाचता येईल अशा स्वरूपात देण्याचे उद्दिष्ट आहे. माहिती अधिकार कायदा, २००५ च्या कलम ७(९) नुसार माहिती सामान्यतः ज्या स्वरूपात मागितली, त्याच स्वरूपात द्यायची असते. साधनसंपत्तीवर अवाजवी ताण येणे किंवा अभिलेखाला बाधा पोहोचणे एवढेच अपवाद आहेत. आधीच तयार असलेली फाइल देण्यात कोणता ताण पडतो, हे नकार देणाऱ्याने सांगावे.

तोवर विद्यार्थ्याने काही पथ्ये पाळावीत. मूळ फाइल जपून ठेवावी. रूपांतर कोणत्या साधनाने व कधी केले, हे लिहून ठेवावे. प्रत्येक रकान्याची बेरीज मूळ तक्त्यातील बेरजेशी ताडून पाहावी. रिकामी चौकट आणि शून्य वेगळे ठेवावे. ही सगळी माहिती निबंधात नमूद करावी. मात्र ही पथ्ये म्हणजे आजारावरचा उपचार. आजार कायम ठेवण्याचा परवाना नव्हे.

मागणी साधी आहे. प्रत्येक पीडीएफशेजारी तोच तक्ता सीएसव्ही स्वरूपातही ठेवावा. कार्यालयातील एका कर्मचाऱ्याचे ते काही मिनिटांचे काम आहे. ते टाळले, की तेच काम देशभरातील शेकडो विद्यार्थी स्वतंत्रपणे, वेगवेगळ्या चुका करत करतात. जनतेच्या पैशातून मोजलेला आकडा जनतेला मोजता येईल अशा रूपातच मिळाला पाहिजे.